चालतो, पण गार करत नाही: एका जुन्या फ्रीजच्या नोंदी

४ मार्च

मावशीच्या फ्रीजचं काम आजपासून हातात घेतलं. दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री (म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा), वर फ्रीजर आणि खाली मोठा कप्पा. मागच्या पाटीवर गॅस आर-१३४ए, १२० ग्रॅम; करंट १.१ अँपिअर. तक्रार साधी: रात्रंदिवस चालतो, घरघर ऐकू येते, दिवा लागतो, पण खालचा कप्पा गार होत नाही. फ्रीजरमध्ये थंडावा आहे, तरी बर्फाचा ट्रे दुसऱ्या दिवशीही धड जमत नाही.

घाई आहे ती काकांच्या इन्सुलिनमुळे. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, आणि इन्सुलिन एकदा गोठलं की टाकूनच द्यावं लागतं. म्हणजे हा फ्रीज नुसता गार होऊन भागणार नाही, तो ठरावीक पट्ट्यातच राहायला हवा. पेनं सध्या शेजारच्यांकडे ठेवली आहेत.

गेल्या महिन्यात एक मेकॅनिक पाहून गेले. आत हात घातला, थंड लागलं नाही, 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' म्हणाले. असेलही. पण मोजलं काहीच नव्हतं. शिवाय फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो त्याच नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

गॅसचं सर्किट उघडायचंच झालं तर ते सगळ्यात शेवटी. कारखान्यात ते व्हॅक्यूम करून, गॅस तोलून भरून, कायमचं बंद केलेलं असतं. एकदा कापलं की नवा ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी नळकांडी), ब्रेझिंग म्हणजे नळ्यांची धातू वितळवून जोडणी, नायट्रोजनचा दाब देऊन गळतीची तपासणी, मग पुन्हा व्हॅक्यूम आणि पुन्हा तोलून गॅस. यातली एकही पायरी गाळता येत नाही. त्यात आर-१३४ए असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये पॉलिओल एस्टर जातीचं तेल असतं आणि ते हवेतला ओलावा पटकन शोषून घेतं. शिवाय हा १२० ग्रॅम गॅस हवेत सोडला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे १७० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला घातक असलेला जुना गॅस आर-१२ मागे पडला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण उष्णता अडवून ठेवण्यात चांगलाच जोरकस आहे. तेव्हा पुरावा असल्याशिवाय नळी कापायची नाही, हे आधीच ठरवून टाकलं.

निघताना मावशी सहज म्हणाली, "अगं, बंद करून दारं उघडी टाकून दोन दिवस ठेवला ना, की मग आठवडाभर छान चालतो. मग पुन्हा तेच रडगाणं."

आजच्या दिवसातली सगळ्यात मोलाची माहिती हीच. गळून गेलेला गॅस फ्रीज बंद ठेवल्यानं परत येत नाही.

५ मार्च

पाना-पेचकस न लावता जेवढं कळतं तेवढं आज पाहिलं.

आधी थर्मामीटर तपासला. पेल्यात बर्फाचा चुरा, त्यात बुडेल इतकं पाणी, ढवळून पाच मिनिटं. ०.३ अंश दाखवले. चांगला आहे. मग मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात तो रात्रभर सोडला. फ्रीजमधली हवा दार उघडताक्षणी बदलते, त्यामुळे हवेचं तापमान फसवं असतं. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, म्हणून आतली सरासरी त्यात नीट दिसते. सकाळी १३.५ अंश. असायला हवेत ४. फ्रीजरमध्ये पाकिटांच्या मध्ये खुपसून पाहिलं तर उणे ८. तिथे उणे १८ हवेत.

मग हाताची परीक्षा. कॉम्प्रेसर गरम. त्यातून बाहेर पडणारी बारीक नळी इतकी तापलेली की बोट टेकवून ठेवता येत नाही. या फ्रीजला मागे काळी जाळी नाही, कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत आहेत. दोन्ही बाजू कोमट लागतात. दोन दारांच्या मधली पट्टीही कोमट आहे. तिथे दव धरू नये म्हणून तीच गरम नळी दाराच्या चौकटीतून फिरवलेली असते. म्हणजे कॉम्प्रेसर दाब तयार करतोय आणि आतली उष्णता बाहेर येतेय. गॅस जवळपास संपला असता तर या बाजू थंडगार लागल्या असत्या.

सगळ्यात बोलकी निघाली ती कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी, म्हणजे सक्शन लाइन. ती गार आहे आणि बाहेरून दवानं ओली. गॅस कमी असताना तो कॉइलच्या (फ्रीजच्या आतल्या, थंडी तयार करणाऱ्या नळीच्या) सुरुवातीच्या थोड्याशा भागातच उकळून संपतो, पुढचा सगळा रस्ता नुसती वाफ तापत येते आणि ही नळी खोलीइतकीच उबदार राहते. ती ओली असेल तर उलटा अर्थ निघतो: कॉइलमध्ये गॅसला पुरेशी उष्णता मिळत नाहीये, म्हणून तो पुरता न उकळता थंडी घेऊनच परत येतोय. कॉइलपर्यंत हवा पोचत नसावी.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला: ०.८५ अँपिअर. पाटीवरच्या आकड्याहून थोडा कमी, पण कॉम्प्रेसर मोकळा फिरत असल्यासारखा घसरलेला नाही.

७ मार्च

किरकोळ गोष्टी उरकल्या, म्हणजे पुढे त्यांची शंका राहायला नको. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून चहूबाजूंनी ओढून पाहिली. खालच्या दाराचा बिजागरीकडचा खालचा कोपरा सैल आहे, बाकी घट्ट. दार बंद झाल्यावर दिवा विझतो. फटीतून मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून खात्री केली. थर्मोस्टॅट फिरवून पाहिला, शून्यावर नेला की कॉम्प्रेसर बंद होतो.

फ्रीजरचं दार उघडून त्याचं बटण बोटानं दाबून धरलं, म्हणजे आतला पंखा चालू राहतो. पंखा फिरतोय, पण मधूनमधून खरखरतो, पातं कशाला तरी घासत असल्यासारखं. खालच्या कप्प्यात जिथून गार हवा यायला हवी त्या जाळीसमोर पातळ कागदाची पट्टी धरली. हलली नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते. एकच कॉइल, तीही फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड. पंखा हवा तिच्यातून ओढून वर सोडतो आणि थोडी हवा वाटेनं खाली पाठवतो. ती वाट बुजली की आधी खालचा कप्पा तापतो आणि फ्रीजर काही दिवस तग धरतो. मावशीच्या फ्रीजचं नेमकं हेच झालंय.

८ मार्च

पॅनेल उघडण्याआधी दोन संशयित समोर ठेवले, कारण 'बंद ठेवला की काही काळ बरा' हे लक्षण दोघांचंही आहे.

एक, गॅसच्या आत ओलावा शिरणं. याला मॉइश्चर चोक म्हणतात. गॅस ज्या बारीक नळीतून कॉइलमध्ये शिरतो त्या कॅपिलरीचं भोक मिलिमीटरभरही नसतं. गॅसबरोबर फिरणारं पाणी तिच्या थंड टोकाशी गोठतं आणि रस्ता बंद करतं. फ्रीज बंद केला की ते कण वितळतात, रस्ता मोकळा होतो आणि थोड्या वेळात पुन्हा तेच घडतं. दुसरा, गॅसच्या बाहेर, कॉइलच्या पत्र्यांमध्ये साचलेला बर्फ, जो हवेचीच वाट अडवतो.

दोघांना वेगळं करतं ते घड्याळ. चोक असेल तर फ्रीज काही वेळ बंद ठेवूनही सुधारतो आणि बहुधा काही तासांतच बिघडतो. चोक झाल्यावर गॅस वाहण्याचा सूं-सूं आवाज थांबतो, करंट उतरतो, कंडेन्सर थंड पडत जातो आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच कॉइलवरचा हिम वितळू लागतो. बाहेरच्या बर्फाला मात्र वितळायला कितीतरी तास लागतात आणि पुन्हा साचायला कितीतरी दिवस. मावशीचं म्हणणं 'दोन दिवस बंद, आठवडाभर बरा' असं आहे, आणि फ्रीजच्या दोन्ही बाजू कोमट आहेत. पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

प्लग काढला. फ्रीजरमधले खण बाहेर घेतले, मागच्या पॅनेलचे स्क्रू सोडवले. पॅनेल हलेना. बर्फानं आतून धरून ठेवलं होतं. इथे सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरनं बर्फ उकरायचा मोह होतो, आणि चांगले फ्रीज जायबंदी होतात ते बरेचदा याच क्षणी. कॉइल ॲल्युमिनियमची, नळीची भिंत पातळ, टोक लागलं की गॅस गेला. कोमट पाण्यात पिळलेला फडका पॅनेलवर फिरवत राहिले, मग ते सुटलं.

आत कॉइल दिसतच नव्हती. नळ्या नाहीत, पत्रे नाहीत, सरसकट पांढरा ठोकळा. वरच्या कडेला तर बर्फ पंख्याच्या पात्यापर्यंत चढलेला. खरखर त्याचीच होती.

गॅसची साखळी ठीक असूनही फ्रीज का गार करत नव्हता ते आता डोळ्यांसमोर आहे. कॉइल थंड आहे, पण भोवती बर्फाची गोधडी पांघरून बसलेली. तिच्यातून हवा जात नाही, म्हणून कप्प्यातली उष्णता कॉइलपर्यंत येत नाही, म्हणून थर्मोस्टॅटला हवं ते तापमान कधी मिळत नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही, आणि कॉइल सतत थंड राहिल्यानं उरलीसुरली वाफही तिच्यावरच गोठते.

वितळवायला समोर टेबल फॅन लावला, दारं सताड उघडी, खाली टॉवेल आणि पसरट भांडी. हेअर ड्रायर मुद्दाम टाळला. प्लॅस्टिकचं अस्तर वाकतं, आणि पाण्याजवळ विजेचं उपकरण हातात धरणं मला पटत नाही. (पाटीवर आर-६००ए असता तर आणखीच सांभाळलं असतं. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेतो.) संध्याकाळपर्यंत भांड्यांत सव्वादोन लिटर पाणी जमलं, टॉवेलांनी प्यायलेलं वेगळंच.

पाण्याचा निचरा होण्याचं भोकही बुजलेलं होतं. कॉइलखालच्या पन्हळीतून एक नळी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते. तिच्यात काळपट गाळ. मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी मारून मारून मोकळी केली. मागचा ट्रे अगदी कोरडा, धुळीनं भरलेला. डिफ्रॉस्टचं, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळून येणारं, पाणी इथवर बऱ्याच काळात पोचलेलंच नाही. रात्रभर दारं उघडी ठेवून सगळं सुकू दिलं.

९ मार्च

गॅसचा निकाल आज लावला.

स्वच्छ, कोरडी कॉइल समोर होती. पंख्याची वायर पॅनेलबरोबर सुटलेली, म्हणजे आता पंखा नाही, फक्त कॉम्प्रेसर. प्लग लावला, दार जवळजवळ लोटून घेतलं आणि टॉर्च घेऊन आत बघत बसले. आधी सूं-सूं, मग कॅपिलरी जिथे कॉइलला मिळते तिथे पहिला पांढरा पापुद्रा. मग हिम नळीच्या वळणावळणानं पुढे सरकत गेला. गॅस कमी असता तर पहिल्या काही वळणांवर थांबला असता: तेवढाच भाग पांढरा, अनेकदा जाड गोळ्यासारखा, आणि पुढची नळी कोरडी. इथे तो एकेक वळण घेत थेट शेवटपर्यंत गेला, सगळीकडे सारखाच पातळ. करंट ०.९५ वर आला, दोन्ही बाजू पुन्हा कोमट झाल्या.

गॅस पुरेसा आहे. कॉम्प्रेसर ठीक आहे. कॅपिलरी मोकळी आहे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ही परीक्षा बर्फ पूर्ण वितळवल्यावरच घेता येते आणि तिला कुठलंही महागडं हत्यार लागत नाही. टॉर्च आणि अर्धा तास धीर एवढंच लागतं. ठोकळ्याआडच्या कॉइलबद्दल 'गॅस कमी आहे' असं कुणालाच सांगता येणार नाही, अगदी अनुभवी माणसालाही. त्या दिवशी नळी कापली गेली असती तर बंदिस्त, निरोगी सर्किट उघडलं गेलं असतं आणि खरा दोष जिथल्या तिथे राहिला असता. गॅस भरायच्या निमित्तानं बर्फ वितळला असता, आठवडाभर फ्रीज छान चालला असता आणि मग पुन्हा बंद. तेव्हा सगळे म्हणाले असते की गॅस पुन्हा गळला.

पॅनेल लावलं, पंखा जोडला. आता प्रश्न एवढाच: हा बर्फ आपोआप वितळायला हवा होता, तो का वितळला नाही?

११ मार्च

डिफ्रॉस्टची यंत्रणा या जुन्या फ्रीजमध्ये पूर्ण यांत्रिक आहे, इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही. त्यामुळे एकेक भाग हातात धरून तपासता येतो. टायमर आहे, त्यात छोटी मोटर आणि दातेरी चकत्या. ठरावीक तासांनी तो कॉम्प्रेसरची लाइन तोडतो आणि हीटरची जोडतो. हीटर कॉइलच्या खाली. हीटरच्या ओळीत एक बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच) आणि एक थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा). कॉइल थंड असेल तेव्हाच बायमेटल जोडलेला राहतो, कॉइल तापली की तुटतो आणि हीटर थांबवतो. तो कधी तुटलाच नाही तर शेवटचा पहारेकरी म्हणजे फ्यूज.

टायमरच्या फिरत्या खाचेवर पेन्सिलनं खूण केली आणि दुपारनंतर पाहिलं. खूण पुढे सरकली होती. मोटर ठीक. मग स्क्रूड्रायव्हरनं खाच हलकेच पुढे फिरवली. खट्ट आवाज आला, कॉम्प्रेसर थांबला. म्हणजे टायमर डिफ्रॉस्टमध्ये गेला. आता हीटरच्या वायरवर करंट दिसायला हवा. क्लॅम्प मीटर शून्यावर.

तोपर्यंत कॉइल नीट थंड झालेली होती, आणि हे मुद्दाम जमवून आणलं होतं. उबदार कॉइलवर बायमेटल तुटलेलाच असतो. तशा वेळी मीटर लावून कितीतरी चांगले बायमेटल बाद ठरवले जातात. प्लग काढला, पॅनेल पुन्हा खोललं, सगळं गार असतानाच मोजलं.

हीटर: त्यावर २३० व्होल्ट, १५० वॅट असं लिहिलंय. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे सुमारे ३५३ ओहम यायला हवेत. मीटरनं ३४८ दाखवले. उत्तम. बायमेटल: मीटर वाजला, जोडलेला आहे. गार कॉइलवर हेच हवं. थर्मल फ्यूज: मीटर गप्प. तुटलेला.

दोषी भाग सापडला. पण फ्यूज म्हातारपणानं जात नाहीत असं धरूनच चालावं. यावर ७२ अंश छापलंय. उणे वीसच्या आसपास राहणाऱ्या कॉइलशेजारी ७२ अंश झाले कसे? फ्यूज बदलून घरी जाण्याचा दिवस हा नव्हे. बायमेटल, फ्यूज आणि त्यांच्या वायरी सोडवून बरोबर घेतल्या. सोडवण्यापूर्वी कॉइलच्या ज्या नळीवर बायमेटलची क्लिप होती तिथे मार्करनं रेघ ओढली. ती जागा कारखान्यानं विचार करून निवडलेली असते. बर्फ सगळ्यात शेवटी जिथे सुटतो तिथलं तापमान तिला कळावं लागतं.

१२ मार्च

रात्रभर टेबलावर पडलेला बायमेटल सकाळी मोजला. खोलीत २७ अंश. मीटर वाजला.

कालचा 'जोडलेला आहे' हा निकाल चांगला होता, आजचा तोच निकाल वाईट आहे. २७ अंशांना हा भाग तुटलेला असायला हवा. टिचकी मारली, कोमट पाण्यात पिशवीतून बुडवला, तरी जोडलेलाच. नीट पाहिलं तर टोपीच्या प्लॅस्टिकला फुगवटा आलाय आणि कडेला बारीक चीर आहे. आत पाणी शिरलं, संपर्काची टोकं चिकटली.

आता साखळी पूर्ण जुळते. बायमेटल चिकटला, त्यामुळे प्रत्येक डिफ्रॉस्टमध्ये हीटर वेळेत न थांबता टायमरनं ठरवलेला पूर्ण काळ तापत राहिला. कॉइल कोरडी झाल्यावरही उष्णता येतच राहिली, आणि एके दिवशी फ्यूजनं आपलं काम केलं. तो तुटला म्हणून आग लागली नाही. त्यानंतर टायमर इमानेइतबारे डिफ्रॉस्टची वेळ पाळत राहिला, पण हीटरपर्यंत वीज गेलीच नाही. कॉम्प्रेसर तेवढा वेळ नुसता थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

फ्यूजच्या दोन वायरी एकत्र पिळून काम चालवण्याची युक्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. या फ्रीजमध्ये ती केली असती तर चिकटलेला बायमेटल, पहारा नसलेला हीटर आणि भोवती प्लॅस्टिक व फोम. असं कधीही करू नये. ज्या घरात रात्री माणसं झोपतात त्या घरात तर नाहीच.

बायमेटल आणि फ्यूज, दोन्ही नवे मागवले. तोवर मावशीला सांगितलं की फ्रीज वापर, पण हिम पुन्हा साचणार आहे. काकांची पेनं शेजारीच राहू देत.

१६ मार्च

भाग आले. नवा म्हणून भरवसा न ठेवता बायमेटल आधी टेबलावर तपासला. बर्फाच्या चुऱ्यात भरपूर मीठ कालवलं. अशा मिश्रणाचं तापमान शून्याच्या बरंच खाली, योग्य प्रमाण साधलं तर उणे २१ पर्यंत जातं. माझं उणे १४ वर थांबलं. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून त्यात पुरला. काही मिनिटांनी बारीक टिक् आणि मीटर वाजला. बाहेर काढून टेबलावर ठेवला. ११ अंशांच्या सुमारास पुन्हा टिक्, मीटर गप्प. त्याच्यावर १० छापलंय. अगदी बरोबर.

जोडणीत एक काळजी: थर्मल फ्यूजजवळ सोल्डरिंग करायचं नाही. सोल्डरिंग आयर्नची उष्णता वायरीतून आत जाते आणि नवा फ्यूज जोडतानाच तुटतो. म्हणून क्रिम्पचे (पक्कडीनं दाबून बसवलेले) जोड घातले आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी श्रिंक नळी बसवली. नुसती टेप इथे टिकत नाही. रोज ओलं होणं, गोठणं, तापणं असा हा भाग आहे. फ्यूज बसवल्यावर पुन्हा मोजला, वाजला. बायमेटल मार्करच्या रेघेवर क्लिप केला. वायरी पंख्यापासून आणि हीटरच्या काचनळीपासून दूर बांधल्या.

मधल्या दिवसांत पुन्हा हिम बसलाच होता, तोही आज हातानं पूर्ण वितळवला. हे टाळता येत नाही, आणि हिशेब केला की का ते कळतं. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. १५० वॅटचा हीटर २५ मिनिटं चालला तर २२५ किलोज्यूल देतो, आणि त्यातला काही भाग बर्फ शून्यावर आणण्यात आणि पत्रे तापवण्यात जातो. म्हणजे एका खेपेला फार तर अर्धा किलोच्या आसपास बर्फ सुटेल. साचलेला होता दोन किलोंच्या वर. तसाच ठेवून भाग बदलले असते तर अर्धवट वितळलेलं पाणी खाली उतरून पुन्हा घट्ट गोठलं असतं आणि दुरुस्ती फसली असं वाटलं असतं.

१७ मार्च

रात्रभर चालू दिला, सकाळी टायमर हातानं डिफ्रॉस्टवर नेला. करंट ०.६४ अँपिअर, १५० वॅटला जेवढा यावा तेवढाच. थोड्या वेळात पन्हळीत थेंब पडायला लागले आणि मग मागच्या ट्रेमध्ये पाण्याची बारीक धार. मावशी मागे वाकून बघत होती. "इथं पाणी यायला हवं असतं होय? मला वाटायचं गळतंय." चौदा मिनिटांनी करंट एकदम शून्य. बायमेटल तुटला. त्यानंतर टायमर आणखी दहाएक मिनिटं तसाच होता, मग खट्ट करून कॉम्प्रेसरवर आला.

या शांत दहा मिनिटांनीच माझं खरं समाधान झालं. हीटर कॉइल साफ झाल्यावर थांबला, वेळ संपेपर्यंत तापत राहिला नाही.

२४ मार्च

खालच्या पेल्यात ४.२ अंश. फ्रीजरमध्ये उणे १८. कागदाची पट्टी जाळीसमोर फडफडते. ट्रेमध्ये पाणी दिसतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं उडून जातं. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर दिवसाला १.४ युनिट. आधी कॉम्प्रेसर थांबतच नसे तेव्हा २.६ होत होती.

मावशीचा नेहमीचा आठवडा उलटला, तरी पाहण्यासाठी पॅनेल पुन्हा उघडलं नाही. टॉर्चनं जाळीतून कॉइलचे पत्रे सुटे सुटे दिसतात.

७ एप्रिल

आकडे तेच: ४ ते ५ अंशांच्या मध्ये, फ्रीजर उणे १८, कधी उणे १९. खालच्या दाराचं रबर कोमट पाण्यानं पुसून, कोपरा हलकेच बाहेर ओढून बसतं केलं. कागद आता तिथेही अडकतो. पुन्हा सैल झालं तर रबर बदलावं लागेल, कारण तिथून आत येणारी दमट हवाच कॉइलवर हिम होऊन बसते.

काकांची पेनं आज परत आणली. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून आणि गार हवेच्या जाळीपासून दूर, बंद डब्यात. जाळीच्या अगदी तोंडाशी हवा शून्याच्या खालीही असू शकते, आणि इन्सुलिनला ते चालत नाही. दारातल्या खणातही नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. डब्यात छोटा थर्मामीटर ठेवला. काकांना म्हटलं, "रोज सकाळी आकडा बघा आणि ८ च्या वर किंवा २ च्या खाली दिसला तर मला लगेच फोन करा." त्यांनी औषधाच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखलाय.

फ्रीजच्या मागे, टायमरशेजारी, एक चिठ्ठी प्लॅस्टिकखाली चिकटवली: हीटर ३४८ ओहम, बायमेटल १० अंश, फ्यूज ७२ अंश, दोन्ही मार्चमध्ये बदलले, ९ मार्चला कॉइलवर हिम शेवटपर्यंत एकसारखा, गॅसचं सर्किट कधीही उघडलेलं नाही. पुढे हा फ्रीज ज्याच्या हाती येईल त्यानं नळीला हात लावण्याआधी हे वाचावं.